महामार्गावरच्या दिशाफलकांचे पोलादी खांब आणि त्यांची थकवा-चाचणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या उद्यमबागेत माझं फॅब्रिकेशनचं काम चालतं. निपाणी, चिकोडी, खानापूरकडचे फॅब्रिकेटर, इंजिनिअरिंगची पोरं आणि ग्रामपंचायतीचे सदस्य फलकांच्या खांबांबद्दल फोन करून विचारतात. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. खांब मोडण्याची वाट बघायची गरज नसते, तो आधी खूप दिवस सांगत असतो. हे लोकांपर्यंत पोहोचावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

थकवा म्हणजे नेमकं काय? लोखंड थकतं का?

थकतं. तार हातात धरून एकदा वाकवली तर तुटत नाही. तीच पुढे-मागे वीस वेळा वाकवली की तुटते. प्रत्येक वेळचं बळ तारेला सहज पेलणारं असतं, तरी तुटते. खांबाचंही तसंच. एखाद्या बारीक दोषापासून चीर सुरू होते, प्रत्येक हेलकाव्याला केसाच्या अंशाएवढी पुढे सरकते, आणि उरलेलं पोलाद भार पेलेनासं झालं की खांब एका क्षणात जातो. मोडलेला तुकडा हातात घेतलात तर चीर हळूहळू गेलेला भाग गुळगुळीत आणि बहुतेक वेळा गंजलेला दिसतो, शेवटी तुटलेला भाग खरबरीत आणि चकचकीत.

हे ज्ञान रेल्वेकडून आलं. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा आस तुटून भीषण अपघात झाला. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षं चाचण्या घेतल्या आणि ताण किती असला तर किती फेरे टिकतात, याचा हिशेब मांडला. आजही आम्ही तोच आलेख काढतो. आपल्या उद्यमबागेत क्रँकशाफ्ट करणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. क्रँकशाफ्टच्या कोपऱ्यातली गोलाई (फिलेट) बिघडली की पुढे काय होतं, ते त्यांना पाठ आहे. फलकाच्या खांबाच्या बाबतीत मात्र तेच लोक म्हणतात, "उभा खांब आहे, त्याला काय होतंय!"

फलक वादळातच पडतात ना? मग रोजच्या वाऱ्याची काळजी कशाला?

वादळासाठी खांबाची ताकद धरलेली असते, तो हिशेब वेगळा. थकवा येतो तो साध्या, रोजच्या वाऱ्याने. अमेरिकेतल्या राज्यांच्या महामार्ग खात्यांची संघटना आश्टो, तिच्या संहितेत २००१ सालापासून फलकांच्या आधारांसाठी थकव्याचा स्वतंत्र हिशेब आहे आणि त्यात चार कारणं धरली आहेत.

पहिलं नैसर्गिक झुळुकांचं. आश्टोने त्यासाठी वर्षाचा सरासरी वारा सेकंदाला ५ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी १८ किलोमीटर. जून ते ऑगस्ट बेळगावात राहिलेल्या माणसाला हा वारा किरकोळच वाटेल.

दुसरं ट्रकच्या झोताचं. बंद कंटेनर वेगाने फलकाखालून गेला की हवेचा धक्का वरच्या दिशेने बसतो. ६ मीटर उंचीपर्यंत तो पूर्ण धरतात, तिथून कमी करत करत १० मीटरवर शून्य. आपल्याकडे रस्त्यावरच्या फलकाखाली ५.५ मीटर मोकळी उंची ठेवतात, म्हणजे फलक नेमका त्या झोतात येतो. विजेवर चालणारे, अक्षरं बदलणारे फलक खोलीला जाड असतात. त्यांच्या खालच्या रुंद बाजूवर हा धक्का जास्त बसतो.

तिसरं गोल नळीच्या मागे उठणाऱ्या भोवऱ्यांचं. वारा नळीला वळसा घालून जाताना एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून भोवरा सोडतो. भोवऱ्यांचा ठेका आणि खांबाचा स्वतःचा ठेका जुळला की खांब झुलायला लागतो. ४०० मिलिमीटर व्यासाची नळी सेकंदाला ३ वेळा हलणारी असेल, तर ताशी साधारण २४ किलोमीटरच्या वाऱ्यात हा मेळ बसतो. म्हणून खांब आणि हात (खांबातून रस्त्यावर काढलेली आडवी नळी) उभे करून फलक न लावता महिनोन्महिने ठेवणं वाईट. रस्ता रुंदीकरणाच्या कामात असे उघडे खांब पावसाळाभर उभे दिसतात. फलक लागण्याआधीच त्यांचं थोडं आयुष्य खर्ची पडलेलं असू शकतं.

चौथं सगळ्यात घातक: एका खांबावर रस्त्याकडे हात काढलेल्या फलकाचं वर-खाली डुलणं. दोन्ही बाजूंना खांब असलेल्या कमानीला ही भीती फार कमी.

एखादं उदाहरण आकड्यांत सांगाल?

४ मीटर रुंद, ३ मीटर उंच फलक घ्या, क्षेत्रफळ १२ चौरस मीटर. डुलण्यासाठी आश्टो चौरस मीटरला १००० न्यूटन धरते, म्हणजे १२,००० न्यूटन, जवळपास सव्वा टनाचं वर-खाली बळ. फलकाचा मध्य खांबापासून ५ मीटरवर असेल तर खांबाच्या बुडाला ६०,००० न्यूटन-मीटर. खांब ४०० मिलिमीटर व्यासाचा, १० मिलिमीटर जाडीचा असेल तर ताणाचा फरक, म्हणजे एका हेलकाव्यातल्या सर्वात जास्त आणि सर्वात कमी ताणातलं अंतर, येतो चौरस मिलिमीटरला सुमारे ५० न्यूटन.

आपलं साधं स्ट्रक्चरल स्टील चौरस मिलिमीटरला २५० न्यूटनला नमतं, म्हणजे कायमचं वाकायला लागतं. म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा, आणि कुणीही म्हणेल, खांब भक्कम आहे. पण नळी बेसप्लेटच्या (खांबाच्या बुडाची, पायावर बोल्टने बसणारी प्लेट) भोकात घालून बाहेरून-आतून फिलेट वेल्ड (कोपऱ्यात भरलेला वेल्ड) मारलेल्या जोडाची 'कधीच थकणार नाही' अशी मर्यादा आहे फक्त १८ न्यूटन. ५० न्यूटनला डिझाइनच्या रेषेप्रमाणे तो साधारण १० लाख हेलकावे टिकतो. सेकंदाला दीड हेलकावा धरला तर हे आठवड्याभराचं अखंड डुलणं झालं. रोज एवढ्या जोराने डुलत नाही हे खरं, पण आयुष्य वर्षांत मोजायचं की हेलकाव्यांत, ते यावरून कळावं.

मग जास्त ताकदीचं पोलाद वापरलं की झालं?

नाही. हा गैरसमज मी स्वतः कितीतरी वर्षं बाळगला होता, म्हणून जोर देऊन सांगतो. वेल्ड केलेल्या जोडाचं थकवा-आयुष्य पोलादाच्या ग्रेडवर जवळपास अवलंबूनच नसतं. वेल्डच्या कडेला, जिथे वेल्ड संपून मूळ पत्रा सुरू होतो तिथे, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढे दोष कायमच असतात. चीर जन्माला येण्याचा वेळ तिथे वाचलेलाच असतो, उरतं ते फक्त वाढणं. आणि चीर वाढण्याचा वेग सगळ्या स्ट्रक्चरल स्टीलमध्ये जवळपास सारखाच. महाग ग्रेड घेऊन नळी पातळ केली, तर ताण वाढून खांब उलट लवकर जाईल.

फरक पडतो तो जोडाच्या घडणीने. एक नियम लक्षात ठेवा: ताणाचा फरक निम्मा केला की आयुष्य आठपट होतं.

चाचणी प्रत्यक्षात कशी घेतात?

अख्खा फलक प्रयोगशाळेत आणायची गरज नसते. मोडतो तो जोड, म्हणून जोड तपासायचा. खांबाचा बुडाकडचा तुकडा, खरी बेसप्लेट, खरे बोल्ट, खरा वेल्ड. नमुना मोठ्या मापाचाच हवा. लहान प्रतिकृतीत वेल्डमधला मूळचा ताण आणि दोष खऱ्यासारखे येत नाहीत.

एक रीत अशी: दोन खांब आडवे ठेवून त्यांच्या बेसप्लेटी मध्यावर पाठीला पाठ लावून बसवतात, बाहेरची टोकं टेकवतात आणि मध्यावर हायड्रॉलिक जॅकने वर-खाली बळ देतात. एका बैठकीत दोन जोड तपासले जातात. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात असंच केलं. दुसऱ्या रीतीत खांब फरशीवर उभा बोल्टने आवळायचा आणि टोकाला जॅकने ढकलायचं-ओढायचं. तिसरी रीत स्वस्त: टोकाला मोटर आणि एका बाजूला वजन असलेलं चाक बसवून खांबाला त्याच्याच ठेक्यात झुलवायचं. त्यात बळ कमी लागतं, पण चीर पडली की ठेका बदलतो, म्हणून सतत लक्ष ठेवावं लागतं.

नळीवर स्ट्रेन गेज चिकटवतात. नख मावेल एवढी पातळ पट्टी, आत केसासारखी तार. नळी ताणली गेली की तारेचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून ताण काढतात. गेज वेल्डला खेटून लावत नाहीत, थोडं लांब लावतात. आलेखावर मांडायचा असतो तो नळीचा सरळ ताण. संहितेत जोडांच्या घडणीप्रमाणे थकव्याचे वर्ग पाडलेले असतात, वेल्डच्या कडेची स्थानिक वाढ त्या वर्गातच धरलेली असते.

मग सुरू होते ती वाट बघणं. सेकंदाला ५ फेरे या वेगाने ५० लाख फेऱ्यांना साडेअकरा दिवस लागतात, रात्रंदिवस. चीर वाढली की नमुना ढिला पडतो आणि त्याच बळाला जॅक जास्त सरकायला लागतो. ताठपणा ठरावीक टक्क्यांनी, समजा १० टक्क्यांनी, घटला की नमुना निकामी धरून मशीन थांबवतात. काही नमुने मोडतच नाहीत. त्यांच्या बिंदूला आलेखावर बाण काढतात, म्हणजे 'अजून पुढे गेला असता'.

एकच नमुना तपासून 'पास' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. एकाच वेल्डरने एकाच दिवशी केलेले दोन जोडसुद्धा दुप्पट-तिप्पट फरकाने मोडतात. एका घडणीचे बरेच नमुने, वेगवेगळ्या ताणांवर, तेव्हा कुठे आलेखाला अर्थ येतो.

या चाचण्यांतून काय शिकायला मिळालं?

सर्वात मोठी गोष्ट: बेसप्लेट जाड हवी. पातळ बेसप्लेट बोल्टांच्या मधल्या जागेत वाकते, नळीची कड तिच्याबरोबर ओढली जाते आणि वेल्डच्या कडेला जादा ताण येतो. कागदावरचा साधा हिशेब हे दाखवत नाही, चाचणीने दाखवलं. पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात आणि टेक्सासमध्ये हेच आढळलं. आमच्याकडे लोक बेसप्लेट २० मिलिमीटरची घेऊन किलोमागे पैसे वाचवतात आणि नळी जाड करतात. पैसे नळीत घालण्यापेक्षा प्लेटीत घाला.

दुसरं, बुडाला उभे गसेट (आधाराच्या त्रिकोणी पट्ट्या) मारले की खांब मजबूत झाला असं दिसतं. पण गसेटचं वरचं टोक नीट निमुळतं केलं नसेल, तर चीर खालून उठून त्या टोकाला जाते. पूर्ण खोलीचा वेल्ड फिलेटपेक्षा वरच्या वर्गात बसतो. खांबातली वायरिंगची खिडकी हीसुद्धा चीर पडायची ठरलेली जागा.

आपल्या देशात यासाठी नियम आहेत का? चाचणी कुठे होते?

आयएस ८००:२००७ या संहितेचा तेरावा विभाग थकव्याचाच आहे. जोडांचे वर्ग ५० लाख फेऱ्यांवर ठरवलेले आहेत. वाऱ्यासाठी आयएस ८७५ चा तिसरा भाग, फलकांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी:६७. पण डुलणं, ट्रकचा झोत असा फलकापुरता तयार हिशेब हवा असेल तर डिझाइनर आश्टोच उघडतात. टेंडरच्या कागदात मात्र बहुतेक वेळा वादळाचा वारा तेवढा तपासलेला असतो. डिझाइन मंजूर करणाऱ्याने 'थकव्याचं पान कुठाय?' एवढं विचारलं तरी पुष्कळ होईल. मोठ्या नमुन्यांच्या थकवा-चाचणीची सोय चेन्नईच्या सीएसआयआर-एसईआरसी संस्थेत आहे.

गॅल्व्हनायझिंग केलं की चीर पडत नाही ना?

ते गंजासाठी, थकव्यासाठी नव्हे. उलट जस्ताच्या वितळलेल्या हौदात बुडवताना जाड प्लेट आणि पातळ नळी वेगवेगळ्या वेगाने तापतात आणि कधी कधी वेल्डच्या कडेला तिथेच चीर पडते. वरून जस्ताचा थर बसल्यावर ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून गॅल्व्हनायझिंगनंतर बुडाचा वेल्ड अल्ट्रासॉनिकने (ध्वनिलहरींनी) पुन्हा तपासायला हवा.

फाउंडेशन बोल्टचं (पायाच्या काँक्रीटमध्ये रोवलेल्या बोल्टचं) एवढं काय महत्त्व?

माझ्या आयुष्यातली एक गोष्ट सांगतो. घाटाच्या तोंडाशी एका हाताचा फलक आम्ही बसवला होता. खांब आमचा, पाया दुसऱ्या कंत्राटदाराचा. दोन पावसाळे गेले. एकदा त्या रस्त्याने येताना सहज गाडी थांबवून उतरलो. ट्रक गेला की फलक मान हलवल्यासारखा हलत होता. बुडाशी बसून नटाला हात लावला तर तो बोटांनी फिरला. पाना लागला नाही, बोटांनी फिरला. आठातले तीन नट तसे. बाकी पाच बोल्ट सगळा भार घेत होते, आणि त्यातल्या एकाच्या आट्यात, नटाच्या वरच्या कडेशी, तांबूस रेघ होती. पुसली, रंगद्रव्याने तपासली. पांढऱ्या पावडरीतून लाल धागा वर आला. चीर होती. त्या रात्री ट्राफिक थांबवून हात उतरवला. क्रेन येईपर्यंतचे चार तास मी आयुष्यात विसरणार नाही.

कारण साधं होतं. नट हाताच्या अंदाजाने आवळले होते. आधी सगळे नट सारखे घट्ट बसवायचे, मग समोरासमोरच्या जोड्या धरत प्रत्येक नट ठरलेल्या कोनाएवढा आणखी फिरवायचा आणि खूण करून ठेवायची. बेसप्लेटीखालचा, तिची पातळी जुळवणारा लेव्हलिंग नट काँक्रीटपासून बोल्टच्या एका व्यासापेक्षा वर नको, नाहीतर बोल्ट वाकायला लागतो. बोल्ट तिरका बसला असेल तर ४० ला १ पर्यंतचा तिरकेपणा चालतो, त्यापुढे नाही. आणि हातोडीने बोल्ट सरळ करू नका. हे आपल्याकडे सर्रास चालतं.

जुन्या फलकावर मराठी नावाची जादा पट्टी लावली तर चालेल का?

हा प्रश्न सीमाभागातलाच. महामार्गावरच्या फलकांवर कन्नड, हिंदी, इंग्रजी असतं. मराठीतही गावांची नावं असावीत ही आपली जुनी मागणी आणि ती माझीही आहे. पण म्हणून उभ्या फलकाला खालून पट्टी जोडू नका. वरच्या उदाहरणातल्या फलकाला ६० सेंटिमीटरची पट्टी लावली तर क्षेत्रफळ २० टक्क्यांनी वाढतं, ताण तितकाच वाढतो आणि आयुष्य जवळजवळ ४२ टक्क्यांनी घटतं. खालची मोकळी उंचीही कमी होते. मागणी करायची तर नवीन फलकाचं डिझाइन होतानाच करायची, म्हणजे खांब त्या मापाचा येतो. वाढदिवसाचे आणि जत्रेचे फ्लेक्स खांबांना बांधण्याबद्दलही हेच.

फलक हलताना दिसला म्हणजे धोका आहेच का?

थोडा हलणारच. किती आणि किती वेळ, ते बघा. मोबाईलवर १० सेकंदांचा व्हिडिओ काढून हेलकावे मोजा. सेकंदाला १ ते ३ हे एका हाताच्या फलकाला नेहमीचं आहे. वारा थांबल्यावरही बराच वेळ झुलत राहिला तर त्यात झुलणं शमवणारं घर्षण फार कमी आहे असं समजा. अशा ठिकाणी डॅम्पर, म्हणजे झुलणं शमवणारं साधन, बसवतात. एक साधी रीत म्हणजे प्लॅस्टिकच्या नळीत टांगलेली साखळी. खांब झुलला की साखळी नळीवर आपटते आणि झुलण्याचा जोर खाते.

तपासताना काय बघायचं?

खांबाच्या बुडाशी खाली वाका. वेल्डच्या वरच्या कडेने जाणारी तांबूस रेघ, हेच पहिलं लक्षण. पावसानंतर एक-दोन दिवसांनी ती जास्त स्पष्ट दिसते. नटावरची खूण सरकली आहे का, वॉशर हलतो का, बेसप्लेटीखाली पाणी साठतं का. वंटमुरी, तवंदीसारख्या घाटांत आणि उघड्या माळावर हे जास्त बघावं. हाताचा मुख्य खांबाशी जोड वर असतो, त्याला शिडीवाली गाडी लागते.

चीर सापडली तर वरून वेल्ड मारून बुजवता येईल का?

नाही. चिरेचं पोट आत तसंच राहतं आणि नव्या वेल्डच्या कडा नवीन दोष आणतात. आधी हात उतरवून भार काढा. मग चीर पूर्ण ग्राइंड करून, तपासून, पद्धत लिहून घेऊन वेल्ड करायचा, किंवा खांब बदलायचा. नव्या, चीर न पडलेल्या जोडाच्या वेल्डच्या कडेवर अल्ट्रासॉनिक हातोडीने ठोकून दाबाचा ताण निर्माण करता येतो, त्याने आयुष्य वाढतं हे चाचण्यांत दिसलं आहे. मोठी चीर पडल्यावर त्याचा उपयोग नाही.

परदेशातली उदाहरणं आपल्याला कशाला?

नोव्हेंबर २००३ मध्ये आयोवा राज्यात सू सिटीजवळ दिव्यांचा उंच मनोरा कोसळला. चीर बुडाच्या वेल्डपाशीच होती. आपल्या रस्त्यावरच्या नळीला आणि त्या नळीला वारा वेगळा ओळखत नाही.

आमच्या गावाजवळचा फलक वाकडा दिसतो. कुणाला कळवायचं?

राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ वर फोन करा. फोन करण्याआधी जवळच्या किलोमीटर दगडावरचा आकडा आणि फलक कोणत्या दिशेच्या रस्त्यावर आहे ते टिपून घ्या. 'हत्तरगीच्या अलीकडे' असं सांगितलं तर तुम्हाला समजतं, तिकडच्या माणसाला समजत नाही. बुडाचा फोटो काढा, पण फलकाच्या हाताखाली उभं राहून नव्हे, खांबाच्या मागच्या बाजूने. नट बोटांनी फिरत असेल तर फोनवर तेच पहिल्यांदा सांगा.